जॉन हॅरिसन : समुद्रातला रेखांश शोधणारा सुतार आणि त्याच्या बक्षिसाची चाळीस वर्षांची लढाई

लंडनमधल्या ग्रिनिच इथे जुनी शाही वेधशाळा आहे. आता तिचं संग्रहालय झालंय. आईवडिलांबरोबर आलेली मुलं असोत की शाळेची सहल, तिथल्या एका दालनात सगळ्यांचेच पाय थबकतात. तिथे पितळेची तीन मोठी यंत्रं आहेत. दांडे हलत असतात, स्प्रिंगा ताणल्या जात असतात, चाकं फिरत असतात. त्यांच्याच सोबतीला तळहातावर मावेल असं एक चांदीच्या डबीतलं घड्याळ आहे. ते मात्र बंद असतं.

गंमत म्हणजे या चौघांतलं सर्वांत महत्त्वाचं घड्याळ हे बंद असलेलंच आहे. समुद्रात आपण नेमके कुठे आहोत, या प्रश्नाचं उत्तर त्याने दिलं. ही चारही यंत्रं बनवली ती जॉन हॅरिसन यांनी. ते ना खगोलशास्त्रज्ञ होते, ना दर्यावर्दी. ते एका खेड्यातले सुतार होते आणि घड्याळं बनवणं ते स्वतःच शिकले होते.

मग इतकं मोठं काम करूनही त्यांना हक्काच्या पैशांसाठी वयाच्या ऐंशीव्या वर्षापर्यंत का झगडावं लागलं? त्यासाठी आधी मुळात अडचण काय होती, ते समजून घ्यायला हवं.

रेखांशाचा प्रश्न काय होता?

भर समुद्रात अक्षांश काढणं त्या काळीही फारसं अवघड नव्हतं. दुपारी सूर्य किती उंचीवर आहे किंवा रात्री ध्रुवतारा किती उंचीवर आहे, हे मोजलं की आपण विषुववृत्तापासून किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहोत, ते कळायचं. पण पूर्व-पश्चिम दिशेत आपण कुठे आहोत, म्हणजेच रेखांश काय, हे कळायला सोपा मार्ग नव्हता.

खरं तर रेखांश म्हणजे वेळेतला फरक. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एका तासात १५ अंश आणि चार मिनिटांत एक अंश. नागपुरात सूर्य डोक्यावर आल्यानंतर साधारण २५ मिनिटांनी तो मुंबईत डोक्यावर येतो, कारण दोन्ही शहरांच्या रेखांशांत सव्वासहा अंशांचं अंतर आहे. ग्रिनिच आणि मुंबई यांच्यातला फरक ४ तास ५१ मिनिटांचा आहे. मुंबईत सौर मध्यान्ह होते, तेव्हा ग्रिनिचमध्ये सकाळचे ७ वाजून ९ मिनिटं झालेली असतात.

म्हणजे जहाजावर ग्रिनिचची वेळ दाखवणारं घड्याळ असेल, तर सूर्य डोक्यावर आल्यावर त्या घड्याळात पाहायचं, फरक काढायचा आणि चारने भागायचं. रेखांश तयार.

पण असं घड्याळ होतंच कुठे? त्या काळातली चांगली घड्याळं लंबकावर चालत. हेलकावणाऱ्या जहाजावर लंबकाचा ताल बिघडे. उन्हात धातू प्रसरण पावे, थंडीत आकुंचन पावे आणि घड्याळ मागेपुढे होई. वंगणाचं तेल कधी घट्ट होई, कधी पातळ. खिशातली घड्याळं तर दिवसाला काही मिनिटं चुकत. चार मिनिटांची चूक म्हणजे एक अंशाची चूक आणि विषुववृत्ताजवळ एक अंश म्हणजे जवळपास १११ किलोमीटर.

म्हणून खलाशी जहाजाचा वेग आणि दिशा यांवरून अंदाज बांधत. हा अंदाज चुकला की काय होतं, ते १७०७ साली इंग्लंडने पाहिलं. ॲडमिरल क्लाउडस्ली शॉव्हेल यांच्या ताफ्यातली चार जहाजं सिली बेटांच्या खडकांवर आपटून बुडाली. हजाराहून जास्त माणसं गेली. त्यात शॉव्हेल स्वतःही होते.

सात वर्षांनी, १७१४ मध्ये, ब्रिटिश संसदेने कायदा करून बक्षीस जाहीर केलं. अर्ध्या अंशाच्या आत रेखांश सांगणारी पद्धत शोधणाऱ्याला २०,००० पौंड. त्या काळात ही प्रचंड रक्कम होती. अर्जांची छाननी करायला एक मंडळही नेमलं. त्यात नौदलाचे अधिकारी, राजकारणी आणि खगोलशास्त्राचे प्राध्यापक होते.

अर्धा अंश म्हणजे दोन मिनिटं. कॅरिबियन बेटांपर्यंतच्या साधारण सहा आठवड्यांच्या प्रवासात घड्याळ एकूण दोन मिनिटांपेक्षा जास्त चुकता कामा नये. म्हणजे दिवसाला तीन सेकंदांच्या आत.

लाकडाची घड्याळं

जॉन हॅरिसन यांचा जन्म १६९३ साली यॉर्कशायरमधल्या फाउल्बी या गावी झाला. वडील सुतार होते. जॉन लहान असतानाच हे कुटुंब लिंकनशायरमधल्या बॅरो या गावी राहायला गेलं. जॉनला शिक्षण असं फारसं मिळालं नाही. तो वडिलांच्या हाताखाली लाकूडकाम शिकला.

शिकायची ओढ मात्र होती. एका धर्मगुरूने त्याला केंब्रिजचे गणिती निकोलस सॉन्डर्सन यांच्या व्याख्यानांची हस्तलिखित वही वाचायला दिली. जॉनने ती सगळी स्वतःच्या हाताने उतरवून घेतली, आकृत्यांसकट. ही उतरवलेली वही म्हणजेच त्याची शाळा.

१७१३ मध्ये, वयाच्या विशीत, त्यांनी पहिलं मोठं घड्याळ बनवलं. त्याची चाकंसुद्धा लाकडाची होती. सुताराच्या हातात लाकूडच असणार. पण चाक एकसंध फळीतून कापलं तर रेषांच्या आडवे आलेले दाते सहज मोडतात, हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी दाते असे बसवले, की प्रत्येक दात्यात लाकडाची रेष दात्याच्या लांबीच्या दिशेनेच राहील.

१७२० च्या दशकात ब्रॉकल्सबी पार्क या जमीनदारी वाड्याच्या तबेल्यावर त्यांनी एक घड्याळ बसवलं. त्या काळचं तेल खराब निघायचं आणि बहुतेक घड्याळं त्यामुळेच बंद पडायची. हॅरिसन यांनी तेलाची गरजच काढून टाकली. जिथे घर्षण होतं, तिथे त्यांनी लिग्नम व्हिटी नावाचं लाकूड वापरलं. हे लाकूड अतिशय कठीण असतं आणि त्यात नैसर्गिक तेलकटपणा असतो. ते घड्याळ तीन शतकांनंतरही चालतं आहे.

धाकटा भाऊ जेम्स यांच्या मदतीने त्यांनी आणखी दोन अडचणी सोडवल्या. पहिली उष्णतेची. पितळ पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतं. म्हणून त्यांनी पितळ आणि पोलादाच्या सळया शेजारी शेजारी अशा जोडल्या, की एकीची वाढ दुसरीने भरून निघावी आणि लंबकाची लांबी कायम राहावी. दुसरी अडचण घर्षणाची. लंबकाला प्रत्येक झोक्याला हलका धक्का देणारा आणि जवळजवळ न घासणारा भाग त्यांनी बनवला. त्याची हालचाल नाकतोड्याच्या पायांसारखी दिसते, म्हणून त्याला नावही नाकतोड्याचंच मिळालं. या घड्याळांची चूक महिन्याला सेकंदाच्या आसपास होती. खेड्यातल्या एका सुताराने हे साधलं होतं.

लंडनची वाट

१७३० च्या सुमारास हॅरिसन आपले आराखडे घेऊन लंडनला गेले. तिथे ते शाही खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांना भेटले. धूमकेतूमुळे ज्यांचं नाव आज सगळ्यांना माहीत आहे, तेच हे हॅली. हॅली यांनी त्यांना प्रसिद्ध घड्याळकार जॉर्ज ग्रॅहम यांच्याकडे पाठवलं. ग्रॅहम यांनी या अनोळखी माणसाचं म्हणणं ऐकून घेतलं आणि बिनव्याजी पैसे उसने दिले.

पाच वर्षांनी पहिलं सागरी घड्याळ तयार झालं. आज ते एच-१ या नावाने ओळखलं जातं. वजन ३४ किलो. लंबकाऐवजी त्यात स्प्रिंगांनी जोडलेले दोन दांडे आहेत आणि ते एकमेकांच्या उलट दिशेने हलतात. जहाज कलंडलं की एका दांड्यावर होणारा परिणाम दुसरा दांडा खोडून काढतो.

१७३६ मध्ये हे घड्याळ जहाजाने लिस्बनला नेलं. परतताना किनारा दिसला, तेव्हा जहाजावरच्या अधिकाऱ्याला तो एक भूभाग वाटला. हॅरिसन यांनी घड्याळाच्या आधारे सांगितलं, की हा तो नव्हे, आपण बरेच पश्चिमेला आहोत. त्यांचंच बरोबर निघालं. जहाजाचा अंदाज सुमारे ६० मैलांनी चुकला होता.

पुढच्या वर्षी मंडळासमोर उभं राहिल्यावर हॅरिसन यांना कॅरिबियन बेटांपर्यंतची रीतसर चाचणी मागता आली असती. त्यांनी ती मागितली नाही. उलट स्वतःच्याच घड्याळातले दोष सांगितले आणि आणखी चांगलं घड्याळ बनवण्यासाठी पैसे मागितले. हाच त्यांचा स्वभाव होता.

दुसरं घड्याळ दोन वर्षांत झालं, पण त्यात मूलभूत दोष आहे, हे त्यांचं त्यांनाच जाणवलं. ते समुद्रावर गेलंच नाही. तिसऱ्या घड्याळावर मात्र त्यांनी जवळपास १९ वर्षं घालवली. त्यात दोन धातूंची पट्टी एकत्र जोडून तापमानानुसार वाकणारा भाग बनवला. त्यातूनच पुढे तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटची पट्टी आली. पिंजऱ्यात बसवलेले रोलर बेअरिंगही त्यांनी याच घड्याळासाठी घडवले. आज यंत्रांमध्ये सगळीकडे त्यांचे वंशज आहेत. पण तिसरं घड्याळ त्यांच्या मनासारखं चाललं नाही.

मोठ्या यंत्राकडून छोट्या घड्याळाकडे

१७५३ साली हॅरिसन यांनी स्वतःच्या वापरासाठी एक खिशातलं घड्याळ बनवून घेतलं. रचना त्यांची होती, हात जॉन जेफ्रीज या घड्याळजीचे. ते अपेक्षेपेक्षा फारच चांगलं चाललं. वीसहून अधिक वर्षं ते मोठी यंत्रं बनवत होते आणि उत्तर लहान घड्याळात दडलेलं होतं.

लहान घड्याळातलं चक्र वेगाने आणि जोराने हलत असेल, तर जहाजाच्या संथ हेलकाव्यांचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. याच विचारावर एच-४ उभं राहिलं आणि १७५९ मध्ये ते पूर्ण झालं. व्यास १३ सेंटिमीटर, वजन दीड किलोच्या आत. ते सेकंदाला पाच वेळा टिकटिकतं. त्यातल्या घासणाऱ्या लहान भागांसाठी हिरे वापरले आहेत.

१७६१ च्या नोव्हेंबरमध्ये ते डेप्टफर्ड या जहाजाने जमैकाला निघालं. हॅरिसन यांचं वय ६८ झालं होतं, त्यामुळे त्यांचा मुलगा विल्यम सोबत गेला. वाटेत मदेरा बेट कधी दिसणार, यावर कप्तान आणि विल्यम यांचे हिशोब जुळेनात. फरक जवळजवळ दीड अंशाचा होता. विल्यमने सांगितलं, बेट उद्या सकाळी दिसेल. तसंच झालं. जमैकाला पोहोचेपर्यंत घड्याळ फक्त ५ सेकंद मागे पडलं होतं. वादळी परतीचा प्रवास धरूनही चूक दोन मिनिटांच्या आत राहिली.

हॅरिसन यांच्या मते काम झालं होतं. मंडळाला तसं वाटलं नाही.

मंडळाचं म्हणणं काय होतं?

ही गोष्ट नेहमी एका बाजूने सांगितली जाते. एक गरीब कारागीर आणि त्याचा मत्सर करणारे विद्वान, अशी. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच.

मंडळाचे काही प्रश्न रास्त होते. खुद्द जमैकाचा रेखांश तेव्हा अचूक माहीत नव्हता, मग घड्याळ किती चुकलं हे ठरवायचं कशावरून? एकच घड्याळ, एकच प्रवास. हा योगायोग नाही कशावरून? आणि सर्वांत मोठा प्रश्न असा, की हे घड्याळ हॅरिसन सोडून दुसऱ्या कुणाला बनवता येईल का? नौदलाला शेकडो जहाजांसाठी उपाय हवा होता. म्हाताऱ्या कारागिराबरोबर संपून जाणारं एक आश्चर्य त्याच्या उपयोगाचं नव्हतं.

दुसरीकडे आणखी एक पद्धत पुढे येत होती. चंद्र ताऱ्यांमधून सरकतो. त्याचं सूर्यापासूनचं किंवा ठरावीक ताऱ्यापासूनचं कोनीय अंतर मोजून ग्रिनिचची वेळ काढता येते. त्यासाठी आकाश निरभ्र लागायचं, किचकट आकडेमोड करावी लागायची आणि अमावास्येच्या आसपास ही पद्धत चालायची नाही. पण महागडं यंत्र लागत नव्हतं आणि कोष्टकं छापून कुणालाही देता येत होती. नेव्हिल मॅस्कलिन हे तिचे मोठे पुरस्कर्ते होते. (भारताच्या इतिहासातले रॉबर्ट क्लाइव्ह हे याच मॅस्कलिन यांच्या बहिणीचे पती.)

१७६४ मध्ये दुसरी चाचणी बार्बाडोसला झाली. ४७ दिवसांच्या प्रवासात एच-४ ची चूक ३९ सेकंदांची होती. अट दोन मिनिटांची होती, म्हणजे घड्याळ तिच्या तिप्पट सरस ठरलं. आता योगायोग म्हणायची सोय उरली नाही.

पण पुढच्याच वर्षी संसदेने नवा कायदा केला. घड्याळाची सगळी रचना उघड करून सांगितली तर १०,००० पौंड. उरलेली रक्कम दुसऱ्यांनी तशी घड्याळं बनवून दाखवल्यावर. हॅरिसन संतापले. मूळ अटीत हे नव्हतं. खेळ संपत आल्यावर नियम बदलल्यासारखं हे होतं.

अखेर त्यांनी घड्याळ तज्ज्ञांसमोर उघडून, भाग वेगळे करून समजावलं. इथे त्यांची एक उणीव आडवी आली. त्यांच्या हातात जे होतं, ते त्यांना शब्दांत मांडता येत नसे. त्यांचं लिखाण लांबलचक आणि गुंतागुंतीचं असे.

त्यातच मॅस्कलिन शाही खगोलशास्त्रज्ञ झाले आणि त्या पदामुळे मंडळाचे सदस्यही. एका पद्धतीचा पुरस्कर्ता दुसऱ्या पद्धतीचा परीक्षक झाला. १७६६ पर्यंत चारही घड्याळं सरकारजमा झाली. तिन्ही मोठी यंत्रं नेताना एच-१ हातातून पडलं. मॅस्कलिन यांनी ग्रिनिचमध्ये एच-४ तपासलं आणि ते भरवशाचं नाही असा निष्कर्ष काढला.

राजाच्या दारात

नक्कल करता येते का, हा प्रश्न लार्कम केंडल या घड्याळकाराने सोडवला. मंडळाच्या सांगण्यावरून त्यांनी १७६९ मध्ये एच-४ ची हुबेहूब प्रत पूर्ण केली. तिला सुमारे ४५० पौंड खर्च आला. म्हणजे दुसऱ्याला ते बनवता येत होतं, पण स्वस्तात नव्हे.

मंडळाचा आग्रह होता, की हॅरिसन यांनी स्वतः आणखी दोन घड्याळं बनवावीत. वयाच्या ७७ व्या वर्षी त्यांनी एक पूर्ण केलं, ते एच-५. दुसऱ्यासाठी आयुष्य पुरेल, याची खात्री उरली नव्हती. तेव्हा बापलेकांनी थेट राजा तिसरे जॉर्ज यांच्याकडे दाद मागितली. राजाला विज्ञानाची आवड होती. १७७२ मध्ये त्यांच्या खासगी वेधशाळेत एच-५ दहा आठवडे तपासलं गेलं. चूक दिवसाला सेकंदाच्या एक तृतीयांश इतकीच निघाली.

राजाने लक्ष घातल्यावर प्रकरण संसदेत गेलं आणि १७७३ मध्ये हॅरिसन यांना ८,७५० पौंड मंजूर झाले. आयुष्यभरात मिळालेल्या सगळ्या रकमांची बेरीज २३,००० पौंडांहून जास्त होते. पण शेवटची रक्कम संसदेची देणगी होती. १७१४ च्या कायद्यातलं बक्षीस त्यांनी जिंकलं, असं अधिकृतपणे कधीच जाहीर झालं नाही. त्यांना पैशांइतकीच याची सल होती.

कॅप्टन जेम्स कुक यांनी दुसऱ्या मोठ्या सफरीवर केंडल यांची प्रत सोबत नेली होती. तीन वर्षं, दक्षिणेच्या बर्फापासून उष्ण कटिबंधापर्यंत ती चालली. सुरुवातीला साशंक असलेले कुक १७७५ मध्ये परतले, ते तिची वाखाणणी करतच. त्यानंतर काही महिन्यांनी, २४ मार्च १७७६ रोजी, हॅरिसन यांचं लंडनमध्ये निधन झालं.

पुढे काय झालं?

जॉन अरनॉल्ड आणि थॉमस अर्नशॉ यांच्यासारख्या घड्याळकारांनी वेगळी, सोपी रचना वापरून सागरी घड्याळ स्वस्त केलं. त्याला क्रोनोमीटर हे नाव रूढ झालं. १८३१ साली चार्ल्स डार्विन यांना घेऊन निघालेल्या बीगल जहाजावर तर अशी २२ घड्याळं होती.

चांद्रपद्धतही वाया गेली नाही. मॅस्कलिन यांची वार्षिक कोष्टकं ग्रिनिचच्या वेळेवर बेतलेली होती. ती जगभरच्या जहाजांवर पोहोचली आणि ग्रिनिचपासून रेखांश मोजायची सवय पडली. १८८४ मध्ये तीच शून्य रेषा ठरली. मुंबईचा जुना 'बॉम्बे टाइम' ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होता, आजची भारतीय प्रमाणवेळ साडेपाच तास पुढे आहे. हे दोन्ही हिशोब तिथूनच सुरू होतात.

हॅरिसन यांची घड्याळं मात्र कित्येक दशकं गंजत पडली होती. नौदलातले एक अधिकारी रूपर्ट गूल्ड यांनी विसाव्या शतकात ती वर्षानुवर्षं खपून दुरुस्त केली. पहिली तीन यंत्रं म्हणूनच आज चालताना दिसतात. एच-४ ला तेल लागतं आणि चालवलं तर ते झिजेल, म्हणून ते बंद ठेवतात.

एक हिशोब मात्र बाकी होता. मृत्यूच्या आदल्या वर्षी हॅरिसन यांनी एका पुस्तकात लिहिलं होतं, की आपल्या पद्धतीने लंबकाचं घड्याळ बनवलं, तर ते १०० दिवसांत एका सेकंदापेक्षा जास्त चुकणार नाही. पुस्तक दुर्बोध होतं. म्हाताऱ्याची बडबड म्हणून त्याची थट्टा झाली.

विसाव्या शतकात मार्टिन बर्जेस या घड्याळकाराने त्यातली तत्त्वं उलगडून तसं घड्याळ बांधायला घेतलं. ते पूर्ण झाल्यावर ग्रिनिचच्या वेधशाळेतच सीलबंद करून तपासलं गेलं. २०१५ मध्ये निकाल आला. १०० दिवसांत चूक सेकंदाच्या पाच अष्टमांश इतकी. खुल्या हवेत झुलणाऱ्या लंबकाचं सर्वांत अचूक यांत्रिक घड्याळ म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद झाली.

आपली विद्या दुसऱ्याच्या हातात उतरू शकते, हे दाखवा, अशी मागणी मंडळाने १७६५ मध्ये केली होती. हॅरिसन यांनी स्वतः लिहून ठेवलेल्या त्या अवघड पुस्तकातून ती उतरली, पण त्याला २४० वर्षं लागली.